मेटीच्या खालचं नाव

बेथेल स्प्रिंग, अलाबामा
१२ मे २००३

प्रिय नेल्डा,

फोन आपटलास, म्हणून हे पत्र. पत्र आपटता येत नाही, फार तर फाडता येतं. आणि तू न वाचता फाडणार नाहीस हे मला पक्कं ठाऊक आहे. लहानपणी शेजारच्या लेसी काकूंची पत्रंसुद्धा तू उजेडाला धरून वाचायचीस. रविवारी मी विचारलं काय होतं? एवढंच, की जूनच्या दुसऱ्या रविवारी चर्चमधल्या वार्षिक गायनाला येशील का, कारण या वर्षी गेलेल्यांच्या यादीत कोय मामाचं नाव घ्यायचं आहे. त्यावर तू म्हणालीस, "ज्याने मला भर चर्चमध्ये जिवंतपणी मारलं, त्याच्यासाठी मी सातशे मैल येऊ? मेलेल्या बायका प्रवास करत नाहीत म्हणावं." आणि खट्. मी रिसीव्हर हातात धरून इतका वेळ उभी राहिले की शेगडीवरचा घेवडा करपला. तुझा राग नाही आला मला. पण तू यायला हवंस, नेल्डा. आपल्या दोघींना तोंड उघडून गायला त्या माणसाने शिकवलं. त्याच्या नावाने गाणं होईल आणि ट्रेबलच्या, उंच सुराच्या, बाकावर तू नसशील, हे मला सहन व्हायचं नाही.

तो कसा गेला हे तू विचारलं नाहीस, तरी सांगते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्र्याण्णव वर्षांचं शरीर, डॉक्टर तरी काय करणार. मी रोज दुपारी जाऊन बसायचे. बोलता येत नव्हतं, पण डावा हात पांघरुणावर सारखा वर-खाली, वर-खाली. नर्स नवीन होती, तिला वाटलं आकडी येतेय, ती औषधाला धावली. मी म्हटलं, "बाई, थांब, आकडी नाही ती, गाणं चाललंय." कुठलं गाणं हे मी ठेक्यावरून ओळखायला बघायचे आणि माझ्या मते ओळखलंही दोनदा. तिसऱ्या आठवड्यात हात थांबला. दफनाला आम्ही चाळीसेक जण होतो. कबरीपाशी उभे राहिलो आणि एकमेकांची तोंडं बघत बसलो, कारण सूर कोण देणार? साठ वर्षं तोच देत आला. पियानो नाही, पेटी नाही. मामा डोळे मिटायचा, हनुवटी छातीला टेकवायचा आणि घशातून एक सूर काढायचा, तो वरच्यांनाही झेपायचा आणि खालच्यांनाही. शेवटी ओटिसच्या मुलाने, रॉयने, धीर केला आणि इतकी उंच पट्टी धरली की दुसऱ्या ओळीला ट्रेबलच्या बायका उंदीर दिसल्यासारख्या किंचाळल्या. मला शवपेटीकडे बघून हसू आवरेना. मामाने हात वर करून सगळं थांबवलं असतं आणि म्हणाला असता, "रॉय, बाळा, खाली उतरतोस का, शिडी आणू?"

तुला आठवतं, आपण सूर ओळखायला कुठे शिकलो? चर्चमध्ये नाही. आईच्या ओट्यापाशी. मामा सकाळी दूध घेऊन यायचा आणि आई बिस्किटांचं पीठ लाटत असली की तिच्या हातातली सुरी घ्यायचा. 'फा' हा सूर त्रिकोणी, 'सोल' गोल, 'ला' चौकोनी, 'मी' पतंगासारखा. आपल्या पुस्तकात सुरांची डोकी असतात तशीच बिस्किटं कापायचा आणि भाजून झाली की एकेक समोर धरायचा. गायल्याशिवाय खायला मिळायचं नाही. तू गोल बिस्किटासाठी अगदी खरा सोल लावायचीस, आणि मी भुकेने काहीतरी ओरडायचे. आई करवादायची, "कोय, पोरी उपाशी मरतील तुझ्या गाण्यापायी!" तो म्हणायचा, "मेटी, बेसूर जगण्यापेक्षा बरं." लोण्यात बुडवलेला तो पतंग मला अजून जिभेवर लागतो. परवा मी एकटीसाठी बिस्किटं केली. गोल केली सगळी, दुसरे आकार कापायचं मनच झालं नाही.

सहा वर्षांची होतीस तू, पहिल्यांदा चौकात उभी राहिलीस तेव्हा. चारी बाजूंना चार आवाजांची बाकं, टेनर, ट्रेबल, आल्टो, बेस, सगळे आत तोंड करून बसलेले, आणि मधल्या रिकाम्या चौकात सफरचंदाच्या खोक्यावर तू. मामा मागे उभा होता, खांद्यावर हात ठेवून. कुठलं गाणं ते विचारल्यावर तू पानाचा आकडा इतक्या जोरात ओरडलीस, "एकशे एकोणसत्तर!", की बेसमधले सगळे बाप्ये हसले. मग मामाने सूर दिला, आधी नुसते फा-सोल-ला, मग शब्द. तुझा इवलासा हात वर-खाली होत होता आणि शंभर माणसं त्या हाताच्या तालावर गात होती. गाणं संपल्यावर तू खोक्यावरून उतरेनास. "अजून एकदा," म्हणालीस. तेव्हापासून एकशे एकोणसत्तर तुझंच झालं. इथे माणसाचं नाव विसरतील, आकडा विसरत नाहीत. माझा आकडा दोनशे सत्तावीस, आणि तो मी कधीच धड चालवला नाही हे तू मला दर वर्षी ऐकवायचीस.

बाहेरच्यांना हे गाणं कळत नाही. गेल्या वर्षी कॉलेजातली एक मुलगी टेपरेकॉर्डर घेऊन आली होती. मागच्या बाकावर बसली आणि दहा मिनिटांत तिने कानांवर हात ठेवले. मी तिला ओढून चौकात नेलं, मधोमध उभी केली. गाणं संपलं तेव्हा ती रडत होती. मागे बसून ते ऐकायचं नसतंच मुळी, आपण कुणाला ऐकवायला गात नाही. आल्टोच्या पहिल्या बाकावरून मला समोर टेनरमध्ये मामा दिसायचा आणि कडेला, ट्रेबलमध्ये, तू. पुस्तकात कधी बघायची नाहीस. मान मागे टाकून, डोळे छपराला लावून, गळ्याची शीर फुगवून गायचीस. डेल्बर्ट पिकेटने तुला तशीच पहिल्यांदा बघितली आणि दुपारच्या जेवणाला झाडाखालच्या लांब टेबलापाशी तुझ्या मागे मागे ताट घेऊन हिंडला. कोंबडी, बीटचं लोणचं, केळ्यांचं पुडिंग, सगळं वाढून घेतलं आणि काहीच खाल्लं नाही बिचाऱ्याने. पुढच्या वर्षी लग्न, त्याच्या पुढच्या वर्षी डेट्रॉइट. मोटारीच्या कारखान्यात नोकरी, आणि तिकडच्या चर्चमध्ये ऑर्गन. तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस, "इथे सगळे इतकं हळू गातात की मला वाटतं शेजारच्या खोलीत कुणी आजारी आहे." मी ते पत्र आईला तीनदा वाचून दाखवलं.

आता आईबद्दल लिहायला हवं. ते मी टाळत आले. तिचा आजार सहा महिने चालला. माझा नवरा हॉलिस दिवसभर गिरणीत, आणि घरात मी आणि ती. अंघोळ, औषध, चादरी. रात्र-दिवस काही कळायचं नाही. तुला मी दर आठवड्याला कळवत होते आणि तू लिहीत होतीस, येते, फेब्रुवारीत नक्की येते. शेवटचे चार दिवस तिने माझं नाव एकदाही घेतलं नाही. मी पाणी पाजलं की विचारायची, "नेल्डा आली का?" उशी सारखी केली की, "नेल्डा आली का?" एकदा तर मलाच नेल्डा समजून तिने माझा गाल कुरवाळला आणि मी गप्प राहिले. ती गेली त्या सकाळी मी फोन केला. डेल्बर्ट म्हणाला, "ती येऊ शकत नाही, वेस्टा," आणि पुढे काहीच नाही. दफनाला तू नव्हतीस. फुलंही नव्हती.

तू का आली नाहीस हे मला चार वर्षांनी कळलं. डेल्बर्ट त्याच्या आईच्या दफनाला एकटा आला होता, तेव्हा तो मागच्या पायरीवर बसून बोलला. सातवा महिना होता तुला, आणि आई जायच्या तीनच दिवस आधी ते मूल गेलं. मुलगी होती. आईच्या कानावर जायला नको म्हणून तू त्याला शपथ घातली होतीस, आणि नंतर मला सांगण्यात काही अर्थ वाटला नाही. मी त्याला कॉफी करून दिली आणि आत जाऊन सिंकचा नळ सोडून उभी राहिले. तेव्हाच तुला पत्र लिहायला हवं होतं. लिहायला बसलेसुद्धा. "प्रिय नेल्डा" एवढं लिहून झालं आणि पुढचं येईना.

जूनच्या त्या रविवारकडे येते. एकोणीसशे एकाहत्तर. जेवणाआधीचा शेवटचा तास नावं घेण्याचा, हे ठरलेलंच. दोन चिठ्ठ्या, एक वर्षभरात गेलेल्यांची, दुसरी आजाऱ्यांची आणि येऊ न शकलेल्यांची, आणि प्रत्येकीसाठी एकेक गाणं. नावं गोळा करून लिहायचं काम त्या वर्षी माझ्याकडे होतं आणि वाचायचं काम, नेहमीसारखं, मामाकडे. तो चौकात उभा राहिला. सात नावं वाचली. आठवं आईचं. "मेटी गॉसेट," म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला. त्याची सख्खी बहीण ती. चष्मा धुरकटला, त्याने पुसला नाही, आणि त्याच श्वासात पुढचं नाव वाचलं, "नेल्डा पिकेट." ट्रेबलमधून लेसी काकू मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, नेल्डा कधी गेली?" कुणीतरी त्यांना गप्प केलं. लोकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून बसलेली. त्यांना वाटलं, घरात दोन मरणं एका वर्षात. ओटिस टेनरच्या बाकावरून हुंदका देत म्हणाला, "एकशे एकोणसत्तर घ्या." मामाला काय झालंय ते तेव्हा उमगलं. त्याने चिठ्ठी पुन्हा डोळ्यांजवळ धरली, वाचली आणि मग वर बघितलं. तो काही बोलणार तोवर ओटिसने सुरुवातही केली होती. ते गाणं असं झालं, नेल्डा, की तसं मी आजवर ऐकलेलं नाही. खिडक्या थरथरल्या. बेसमधले राकट गडी बाह्यांना डोळे पुसत होते. मीही रडले. तुला खोटं वाटेल, पण मी सगळ्यांत जास्त रडले.

जेवणाच्या टेबलापाशी मी सांगितलं की नेल्डा ठणठणीत आहे, तिचं नाव दुसऱ्या चिठ्ठीवर होतं, मामाच्या हातून गल्लत झाली. सगळे आधी हसले, मग मामाकडे वळले. तो चिकनची तंगडी हातात घेऊन उभा होता. म्हणाला, "डोळे भरले होते. माझंच चुकलं." पण उशीर झाला होता. वस्तीतले दोघेतिघे जेवणाला न थांबताच निघून गेले होते आणि त्यातल्या एकाने त्याच दिवशी डेल्बर्टला सांत्वनाचं कार्ड टाकलं. ते तूच फोडलंस. मग तुझा फोन, "वेस्टा, मी मेलेय का गं?" आणि तू इतकी हसलीस की मलाही हसू आलं. मग हसता हसता थांबलीस. म्हणालीस, "फेब्रुवारीत मी कशी आहे हे एकानेही विचारलं नाही. जूनमध्ये सगळ्यांना रडायला वेळ मिळाला." आणि विचारलंस, "पण तू तिथेच होतीस ना? तू उठून का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, मी सुन्न झाले होते. त्यानंतर तू इथे आली नाहीस. इतिवृत्ताच्या छापील पुस्तिकेत त्या वर्षी तू मृतांमध्येच आहेस, सेक्रेटरी पुढच्या वर्षी दुरुस्ती छापतो म्हणाला आणि विसरला. त्या टेपरेकॉर्डरवालीने मला विचारलं होतं, "नेल्डा पिकेट कशाने गेल्या?" मी म्हटलं, "गेली नाही, डेट्रॉइटला गेली."

मामाने पुन्हा कधी नावं वाचली नाहीत. कमिटीने विचारलं की म्हणायचा, "नको रे, मी जिवंत माणसं मारतो." लोक हसायचे, दर वर्षी, त्याच जागी. नवीन माणूस आला की ओळखच तशी करून द्यायचे, "हा कोय टिडमोर, यापासून जपून, हा नाव घेतो आणि माणूस मरतो." त्याच्या दफनालासुद्धा रॉयने ती गोष्ट सांगितली आणि कबरीपाशी उभे असलेले सगळे हसले. मे महिना लागला की तो मला न चुकता विचारायचा, "नेल्डाला कळवलंस ना?" मी म्हणायचे, कळवलं. "येतेय का?" मी म्हणायचे, बघू. मग तो हॅट डोक्यावर चढवून निघून जायचा.

या वर्षी नावं वाचायला कमिटीने मला सांगितलं आहे. गेलेल्यांबद्दल चार शब्दही बोलायचे असतात. मी हो म्हटलं आणि तेव्हापासून मला जेवण जात नाही. सूर देणारा म्हणून त्याचं कौतुक करीन, आणि बाकांवर बसलेला प्रत्येक जण मनात त्या एकाच नावाची गंमत आठवून हसेल. तू सोडून. तू हसणार नाहीस, तू घरी बसून त्याला अजून बोल लावशील.

नेल्डा, मामाची गल्लत झाली नव्हती. त्याच्या हातात होती ती गेलेल्यांचीच चिठ्ठी होती आणि तुझं नाव तिच्यावरच होतं, आईच्या नावाखाली, माझ्या अक्षरात. शनिवारी दुपारी ओसरीत मी वाटाणे सोलत होते आणि नावं लिहीत होते. आईचं नाव लिहिलं आणि सहा महिन्यांचं सगळं वर आलं, तिचं ते "नेल्डा आली का", तिचा माझ्या गालावरचा हात. रागाने माणूस म्हणतं, ती मला मेली, आणि संध्याकाळपर्यंत विसरतं. मी ते लिहिलं. खोडीन म्हटलं होतं, खोडलं नाही. मामाने ती चिठ्ठी दुसऱ्यांदा वाचून वर बघितलं ते माझ्याकडे. त्याला तिथल्या तिथे बोलता आलं असतं. सोमवारी तो माझ्या अंगणात आला, हॅट काढली आणि म्हणाला, "वेस्टा, ती चिठ्ठी मी चुलीत घातली. आता चूक माझी." मग ताक मागितलं, प्यायला आणि गेला. बत्तीस वर्षांत त्याने पुन्हा तो विषय काढला नाही, आणि मी त्याला ती चूक वाहू दिली. तुझ्या मुलीबद्दल कळल्यावरही वाहू दिली, कारण तेव्हा तर मला तुझी भीतीच वाटू लागली. आठ जूनला मी चौकात उभी राहून हे सगळ्यांसमोर सांगणार आहे, पण त्यांच्याआधी ते तुला कळायला हवं होतं. क्षमा मागण्याचं तोंड मला नाही, तरी मागते. तू बत्तीस वर्षं त्याच्यावर रागावलीस आणि त्याने कधी हूं की चूं केलं नाही. आता यायचं नसेल तर नको येऊस, नेल्डा; फक्त ते माझ्यामुळे असू दे, त्याच्यामुळे नको.

तुझीच, तू अजून तसं म्हणू देत असलीस तर,
वेस्टा